‘घाम म्हणजे रडणारी चरबी’ वाल्या मेसेजला उत्तर

आठवडाभरापासून प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे, "जिम सुरू करताय? आधी हे सहा शब्द समजून घ्या". आपल्या नागपुरात अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणारे काका पण तोच दाखवतात अन् नवीन जिम लावलेली पोरं पण तोच. भाषा एकदम डॉक्टरी, आत मात्र गडबड. मुद्दे त्याचेच घेतो, क्रमानं.

त्यांचा पहिला मुद्दा: "घाम म्हणजे रडणारी चरबी, जितका जास्त घाम तितकं फॅट बर्न." नाही बाप्पा. घाम आपल्या डेझर्ट कूलरसारखा आहे, पाणी उडालं की गारवा येतो, बस. कूलर खसवर चालतो तसा घाम चामडीवर, आणि जुलैत हवा दमट झाली की दोघंही हात वर करतात. व्यायामानंतर काटा एक किलोनं कमी दिसला तर ते जवळपास सगळं पाणी, दोन बाटल्या प्यायलात की परत आलं. चरबी जळते तेव्हा तिचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो, 10 किलो चरबी गेली तर साधारण 8.4 किलो नाकातोंडातून आणि उरलेली पाणी बनून, असा हिशोब 2014 मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडला होता. हा मुद्दा मी लांबवून राहिलो कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो अन् काही जण त्या उन्हात रेनकोटसारखं जॅकेट घालून पळतात, जास्त घाम निघावा म्हणून. घाम उडायला जागाच नाही म्हटल्यावर शरीर थंड होणार कसं, चरबी तर जास्त जळत नाहीच, वरून उष्माघाताला आमंत्रण.

दुसरा: "दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही म्हणजे वर्कआउट झालाच नाही, आणि हे दुखणं म्हणजे लॅक्टिक ॲसिड." यात दोन चुका. व्यायामानं रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येतं, ते परवापर्यंत थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं त्याला जिमवाले डॉम्स म्हणतात, सवय नसलेल्या हालचालीनं स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते त्याचं ते दुखणं, आणि वजन खाली आणताना किंवा उतार उतरताना ते जास्त होतं. रामटेकला गड चढताना दम लागतो पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोंबलतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. तोच व्यायाम काही आठवडे केला की दुखणं कमी होतं, ताकद मात्र वाढतच असते, म्हणजे दुखणं हे काही मार्कशीट नाही. उलट दुखणं सहनच होत नसेल, अंग सुजलं असेल आणि लघवी कोलाच्या रंगाची झाली असेल तर "लय भारी वर्कआउट झाला" असं स्टेटस टाकायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

तिसरा: "10,000 पावलं हा मेडिकल नियम आहे." हा आकडा 1965 मध्ये जपानी कंपनीच्या पावलं मोजायच्या यंत्राबरोबर प्रसिद्ध झाला, दवाखान्यातून नाही निघाला. 2019 च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात वयस्कर बायकांमध्ये 7,500 च्या आसपास फायदा सपाट होताना दिसला. 10,000 चालता? मस्त, चाला. पण 6,000 वर थांबणाऱ्या काकूंना नापास करू नका.

चौथा: "बीएमआय 25 पर्यंत बिनधास्त." इथं मेसेज उलट्या बाजूनं चुकतो. हे माप, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञानं 1830 च्या दशकात लोकसंख्येच्या अभ्यासासाठी काढलं, त्याला स्नायू आणि चरबी वेगळी दिसत नाही. आणि आपल्या लोकांत कमी बीएमआयलाच साखर-बीपी सुरू होतं, म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ 23 ला धरतात. टेप घ्या, पोट मोजा, पुरुषाचं 90 सेंटिमीटर आणि बाईचं 80 च्या वर असेल तर बीएमआय 22 असला तरी सावध. तर्री पोह्यावर वाढलेली आपली पोटं टेपलाच कळतात.

पाचवा, "बायकांनी टोनिंग करावं, वजन उचललं की पुरुषी शरीर होतं". टोनिंग नावाचा वेगळा व्यायाम नसतो हो, स्नायू थोडे वाढले अन् वरची चरबी कमी झाली की जे दिसतं ते. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन, इतकं कमी असतं की चार डंबेल उचलून पुरुषी शरीर काही होत नाही. पुढे.

सहावा: "रेप म्हणजे एकदा उचलणं, सेट म्हणजे अशा रेपचा एक गठ्ठा." हे बरोबर आहे, शंभर टक्के. फक्त वजन किती घ्यायचं ते लिहायचं राहून गेलं. 10 रेप करायचे असतील तर शेवटचे दोन जड वाटावे पण पाठ वाकडी होऊ नये, इतकं घ्या. पंचविसावा रेप पण गप्पा मारत होऊन राहिला असेल तर पुढचा, जास्त जड डंबेल उचला.