उजवीकडचे स्टेअरिंग आणि डावीकडचा उजेड

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडहून जर्मनीत राहायला गेला आणि उजव्या स्टेअरिंगची आपली जुनी गाडीही सोबत घेऊन गेला, तेव्हा धरमपेठेतल्या आमच्या घरी जो तो एकच सल्ला देत होता: "तिथे कशाला डोकेदुखी, स्टेअरिंग उजवीकडेच आहे, नागपूरला पाठवून दे." सल्ला मायेचा होता, पण उपयोगाचा नव्हता. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि भावाची गाडी ७ वर्षांची होती.

तिथल्या एका सल्लागाराने तर पैसे घेऊन त्याला सांगितले की, स्टेअरिंग डावीकडे बसवल्याशिवाय नोंदणी होणार नाही. हे साफ खोटे होते आणि त्याचा मला आजही राग येतो. जर्मनीत उजव्या स्टेअरिंगची गाडी नोंदवता येते. अडचण येते ती दिव्यांची.

तपासणीच्या दिवशी मी त्याच्यासोबत होते. तपासनिसाने गाडीसमोर चाकांवरची एक पेटी आणून ठेवली, लो बीम (खाली झुकलेला, जवळचा उजेड) लावायला सांगितला आणि मला पेटीतला पडदा दाखवला. त्यावर उजेडाची कड उजवीकडे आडवी होती आणि डावीकडे तिरपी वर चढत गेली होती. आपल्याकडे किंवा इंग्लंडमध्ये वाहने डावीकडून चालतात, म्हणून हा वर चढणारा उजेड रस्त्याच्या कडेवर, पायी चालणाऱ्यांवर आणि पाट्यांवर पडतो. जर्मनीत वाहने उजवीकडून चालतात; तीच गाडी तिथे चालवली की तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. वर्धा रोडवर रात्री समोरच्याने डिपर न दिल्यामुळे क्षणभर काहीच दिसेनासे होते, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या अटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हेडलाइटच्या काचेवर पट्टी चिकटवून काम भागते ते थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांचे. कायमच्या नोंदणीसाठी भावाला दोन्ही हेडलाइट बदलावे लागले आणि मागचा एकुलता फॉग लाइट उजवीकडून डावीकडे घ्यावा लागला. खर्च बराच झाला, तरी मला ही अट पूर्णपणे न्याय्य वाटते.

स्टेअरिंगमुळे अडचण होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन पदरी रस्त्यावर ट्रकच्या मागे असताना चालक रस्त्याच्या कडेला बसलेला असतो आणि समोरचा रस्ता दिसतो तो शेजारच्याला. "ताई, समोरून काही येतंय का?" असे भाऊ विचारायचा, आणि मी "थांब" म्हटले की थांबायचा. एकटा असताना तो अशा रस्त्यावर ओव्हरटेक करतच नाही. पण धोका आहे म्हणून नोंदणीच नाकारणे मला पटत नाही. पोलंड आणि लिथुआनिया स्टेअरिंग डावीकडे नेल्याशिवाय नोंदणी करत नव्हते. २० मार्च २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने हे नियम संघाच्या कायद्याविरुद्ध ठरवले. त्यातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: अशाच गाडीतून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परक्या चालकाचा धोका तुम्ही चालवून घेता, मग राहायला आलेल्याचाच का नाही? आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० मध्येही डाव्या स्टेअरिंगची गाडी सरसकट बंद नाही. इशारा देणारे ठरावीक उपकरण चालू स्थितीत असले पाहिजे, एवढीच अट आहे.

आता नागपूरहून थेट युरोपात जाणारी मुले मला विचारतात, इथली गाडी न्यावी का? माझे उत्तर स्पष्ट "नको" असे आहे. इंग्लंडच्या गाडीला निदान बहुतेकदा युरोपीय मान्यतेची कागदपत्रे असतात; भारतीय बाजारासाठी बनलेल्या गाडीला ती सहसा नसतात आणि प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे तपासून घ्यावी लागते. आयात करात सूट मिळते, पण त्यासाठी आधीचे १२ महिने संघाबाहेर वास्तव्य आणि गाडीचा किमान ६ महिने वापर दाखवावा लागतो, आणि पुढचे १२ महिने ती विकता येत नाही. सूट हुकली तर जर्मनीत १० टक्के आयात शुल्क आणि त्यावर १९ टक्के कर बसतो. गाडी इथेच विका. आणि इंग्लंडहून नेणार असाल, तर जहाजाचे किंवा समुद्राखालच्या बोगद्याचे तिकीट काढण्याआधी त्या मॉडेलचे उजव्या वाहतुकीचे हेडलाइट कितीला मिळतात, ते विचारून घ्या.