रेट्रो की मेट्रो : निपाणीच्या वाचकांच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. रॉयल एनफिल्डच्या हंटर ३५० या मोटारसायकलचे २०२२ मध्ये आलेले रेट्रो आणि मेट्रो असे दोन प्रकार आहेत, आणि आपल्या भागात घ्यायची झाल्यास मेट्रो घ्यावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की इंजिन एकच असताना जास्तीचे पैसे मोजायला सांगणे म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला चैनीच्या नादी लावणे आहे. मागचा ड्रम ब्रेक आपल्या वडिलांच्या बुलेटला आयुष्यभर पुरला. आणि ट्यूबलेस टायर व अलॉयची चाके खेड्यात निभत नाहीत. हे लिहिणाऱ्याने रेट्रो कधी चालवली तरी आहे काय, असेही आपण शेवटी विचारले आहे.

हा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्याकडे रेट्रोच आहे. २०२२ च्या दिवाळीत ती घेतली आणि तेव्हापासून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर ती रोज चालते आहे. मूळ लेखात हे पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवे होते. ते राहून गेल्यामुळे मी दुरून, कागदावरचे आकडे पाहून बोलतो आहे असा आपला समज झाला असेल, तर त्यात आपला दोष नाही.

पैशांचे आधी सांगतो. गाडी बाजारात आली तेव्हा रेट्रोची एक्स-शोरूम किंमत १,४९,९०० रुपये होती आणि मेट्रोची १,६३,९०० पासून पुढे. म्हणजे १४,००० रुपयांचा फरक, आणि तो लहान आहे असे मी म्हणणार नाही. इंजिनही दोन्हींचे एकच, ३४९ सीसीचे, २०.२ बीएचपी आणि २७ न्यूटन मीटरचे. वजनात रेट्रो १७७ किलो व मेट्रो १८१ किलो, म्हणजे रेट्रोच थोडी हलकी. तेव्हा हे जास्तीचे पैसे पळण्यासाठी नाहीत. त्यातला काही भाग रंग आणि दिव्यांसारख्या गोष्टींवर जातो, तो बाजूला ठेवू. माझ्या दृष्टीने मोल आहे ते मागच्या चाकाचे.

पुढचा ३०० मिलिमीटरचा डिस्क ब्रेक दोन्ही गाड्यांना आहे आणि पुढच्या चाकाला एबीएसही, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, दोन्हींना आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, पण ते एकाच चाकाला असले तरी नियम पुरा होतो. रेट्रोला मागे १५३ मिलिमीटरचा ड्रम आहे आणि त्या चाकाला एबीएस नाही. मेट्रोला मागे २७० मिलिमीटरची डिस्क आहे आणि एबीएस दोन्ही चाकांना आहे. आता आपण सगळे गाडी कशी शिकलो ते आठवून पाहावे. सायकलपासून मोपेडपर्यंत प्रत्येक घरात एकच ताकीद असायची, की पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील. त्यामुळे संकटाच्या क्षणी आपल्या माणसाचा हात पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर जाण्याच्या आधी पाय मागच्या ब्रेकच्या पेडलवर पडतो, आणि पडतो तो सगळा जोर लावून. म्हणजे रेट्रोमध्ये एबीएस राखण करते ते पुढच्या चाकाची, आणि आपला माणूस भिस्त ठेवतो ती मागच्या चाकावर. मेट्रो घ्या असे मी लिहिले ते एवढ्याच कारणासाठी.

हे मला पुस्तक वाचून कळलेले नाही. २०२३ च्या जुलैमध्ये जांबोटीहून कणकुंबीकडे जात होतो. पाऊस नुकताच थांबला होता आणि एका उताराच्या वळणावर दरडीची लाल माती पाण्याबरोबर रस्त्यावर पसरली होती. वळण संपते तिथे एक म्हैस उभी होती. वेग चाळीसच्या आसपास असेल. पाय पेडलवर पडला, मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि गाडीचे बूड उजवीकडे निघाले. उतारावर ब्रेक मारला की भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे ते लवकर अडकते; हे तेव्हाही मला ठाऊक होते, पण ठाऊक असण्याचा त्या क्षणी काही उपयोग झाला नाही. पाय कसा उचलला गेला ते सांगता येत नाही, पण उचलला गेला, गाडी सरळ झाली आणि कडेच्या खडीत जाऊन उभी राहिली. नंतर मागे वळून पाहिले. लाल चिखलाच्या थरावर टायरने पुसून काढलेली काळी पट्टी दिसत होती, आधी सरळ आणि मग उजवीकडे वाकलेली. पावले टाकून मोजली, बारा भरली. माझ्या मागे पत्नी बसलेली होती.

आपल्या वडिलांच्या बुलेटविषयी मी आदरानेच बोलेन. जुन्या बुलेटला दोन्ही चाकांना ड्रमच असत, ब्रेक डाव्या पायाखाली आणि गिअर उजव्या पायाखाली असे, आणि ती चालवणारी पिढी उतारावर गिअर खाली आणून इंजिनाच्या ओढीवर गाडी आवरत असे. ते कसब होते आणि त्या वेळचे रस्ते मोकळे होते. आज चोर्ला घाटातून साखळीकडे उतरताना गोव्याला जाणाऱ्या मोटारींची जी रांग पाठीला लागलेली असते, तिच्यात नव्याने शिकलेल्या विशीतल्या मुलाकडून त्या कसबाची अपेक्षा मी तरी करणार नाही.

चाकांच्या बाबतीत मात्र आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. रेट्रोची चाके स्पोकची, म्हणजे तारांची, आणि टायर ट्यूबचे; मेट्रोची चाके अलॉयची, म्हणजे अखंड ओतीव धातूची, आणि टायर ट्यूबलेस. स्पोकचे चाक खड्ड्यात थोडे दबते, रिंग आऊट, म्हणजे वाकडी, झाली तर तारा आवळून आऊट काढता येते आणि ते काम तालुक्याच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला येते. अलॉय चाकाला तडा गेला, तर चाकच बदलावे लागते. हे मी मूळ लेखात पुरेशा जोराने लिहिले नव्हते. पण पंक्चरचे म्हणाल, तर अनुभव उलटा आहे. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसतो, हवा हळूहळू जाते आणि चाक न काढता बाहेरून दोरी भरून काम होते; नंदगड, खानापूरकडचे पंक्चरवाले हे आता सर्रास करतात. ट्यूबच्या चाकाची हवा एकदम जाते, आणि ते मागचे चाक असेल तर ब्रेकची दांडी, एक्सल, चेन सगळे सोडवत बसावे लागते. माझ्या गाडीची ट्यूब एकदा व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटली. तिला ठिगळ लागत नाही, आणि त्या गावात त्या मापाची नवी ट्यूब नव्हती.

आता आपल्या भाच्याविषयी. त्याच्यासाठी वापरलेली रेट्रो पाहिली आहे आणि ती बहुतेक निपाणी ते चिकोडी एवढीच फिरेल, असे आपण लिहिले आहे. तो रस्ता सपाट आहे, घाटाचे कारण तिथे लागू होत नाही. गाडी सुस्थितीत असेल तर ती घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. कोल्हापूरकडची एमएच पासिंगची मेट्रो स्वस्तात दिसली, तर तिची एनओसी, म्हणजे तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र, आणि इकडचा कर्नाटकाचा कर हिशेबात धरावा, नाहीतर वाचलेले पैसे तिथेच जातात. फक्त ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि सकाळच्या दवाने ती साबणासारखी निसरडी होते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा रेट्रो घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात भाच्याला मोकळ्या मैदानावर न्यावे आणि वीसच्या वेगाने फक्त पुढचा ब्रेक दाबत थांबायला लावावे, भीती जाईपर्यंत. एबीएस असल्यामुळे ते चाक सहसा अडकत नाही. हँडल सरळ असले म्हणजे झाले. मागच्या टायरची नक्षी झिजलेली असेल तर सौदा करतानाच नव्या टायरचे पैसे कापून घ्यावेत आणि तारा एकेक करून बोटाने वाजवून पाहाव्यात. ढिली तार बद्द आवाज देते.

मूळ लेखात माझी गाडी रेट्रो असल्याचा उल्लेख आणि अलॉय चाकांविषयीची आपली हरकत, या दोन्ही गोष्टी आज जोडल्या आहेत. मेट्रोविषयीचे मत तसेच ठेवले आहे.