वाढत्या मापाची कुंडी

रविवारी एका काकांनी माझ्या तोंडची कुंडी पळवली. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

गच्चीतल्या मोगऱ्याची आठ इंची प्लॅस्टिकची कुंडी सरकवायला गेलो आणि काठ पापडासारखा तुटून हातात आला. तीन उन्हाळे खाल्लेलं प्लॅस्टिक ते, अजून काय होणार? तळाच्या भोकांतून मुळं बाहेर लोंबत होती. बहर संपला होता, दोन सरीही पडून गेल्या होत्या. गेलो नर्सरीत.

आता, माझं बालपण वाढत्या अंगाच्या कपड्यांत गेलं. पाचवीत शिवलेली खाकी चड्डी आठवीत मापाला आली, तोवर तिची मागची बाजू विरली होती. हे संस्कार जात नाहीत. मी सरळ सोळा इंचीला हात घातला. एकदाच काय तो खर्च!

"कशाला हवीय?" मागून आवाज आला. पांढरा बुशशर्ट, हातात रिकामी कापडी पिशवी. नर्सरीचे कोणी नव्हेत, माझ्यासारखंच गिऱ्हाईक.

"मोगऱ्याला."

"सध्या कितीत आहे?"

"आठ."

"आणि ही सोळा! वाढत्या अंगाची घेताय की काय?"

या माणसाला माझ्या चड्डीबद्दल कोणी सांगितलं?

"अहो, मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. मग मुळं कुजतात आणि तुम्ही म्हणता, नर्सरीवाल्यानं फसवलं. दोन इंच वाढवायचं, बास. दहा घ्या. आणि मातीचीच. तिच्या अंगातून पाणी झिरपतं, मुळं गार राहतात. माठ बघितलाय ना?"

माठ बघितलाय. मान डोलावली.

दहा इंची मातीच्या पाचच कुंड्या उरल्या होत्या. काकांनी पहिली डाव्या तळव्यावर तोलली, बोट वाकवून टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"बद्द."

दुसरी. "बद्द. चीर आहे आत." तिसरीला दोनदा टिचकी, मग कान लावून थेट कुंडीत डोकं. "कच्ची भाजलीय." कुंभार वेशीत चाळीस वर्षं माठ घेतलेत म्हणाले, एकही गळला नाही. नर्सरीतला पोरगा पाइप हातात धरून बघत राहिला आणि पाणी त्याच्याच चपलेवर सांडत होतं.

"काका, कुंडीच आहे, तबला नाय," तो म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाचवी कुंडी मात्र त्यांनी बराच वेळ ऐकली. खणखणीत वाजत होती, मलासुद्धा कळलं. "हंऽ, हीपण नको," म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली.

मग मी सिमेंटच्या कुंडीकडे वळलो. "नवी असताना चुना सोडते. आणि वर चढवणार कोण?" काळ्या प्लॅस्टिकला हात लावला. "उन्हात मुळं शिजवायचीत?" मी मातीच्या कुंड्यांकडे परत आलो तर चारच होत्या. फाटकाबाहेर काका स्कूटर सुरू करत होते आणि पायाशी कापडी पिशवी गोल, टंच फुगलेली.

चारही बद्द. मला तर आता सगळ्याच बद्द ऐकू येत होत्या. त्या तिरीमिरीत मी साडेसहाशे रुपयांची निळी चिनी मातीची कुंडी घेऊन आलो. घरी येऊन उलटी केली, तर तळाला भोक नाही! फोन केला, तर "घरी ड्रिल मारून घ्या ना, सर." म्हणजे साडेसहाशे देऊन भोकही आपलं आपण पाडायचं. टाईलचा वेगळा बिट लागतो, तो पुन्हा विकत. आणि पाडताना तडकली की पैसे गेले. पादत्राणं विकणारा कधी म्हणतो का, पाय घालायची जागा घरी कापून घ्या? कुंडी म्हणजे जिच्यातून पाणी निघून जातं ती. बाकीचं सगळं भांडं.

मोगरा शेवटी रंगाच्या रिकाम्या बादलीत गेला. दहा लिटरची. सळई तापवून तळाला पाच भोकं पाडली, त्यांवर जुन्या कौलाची खापरं ठेवली. तोंड मोजलं, तर बरोब्बर दहा इंच. काकांना सांगायला हवं होतं, पण ते कुठे राहतात कोण जाणे.

निळी कुंडी दाराशी आहे. तिच्यात ओल्या छत्र्या ठेवतो. भोक नाही ते एका परीनं बरंच झालं, लादीवर पाणी सांडत नाही.