चोर सुटला, हाताखालचा लटकला

आज आमच्या एका जुन्या साहेबांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, 'निष्कलंक कारकीर्द'. मी मागच्या रांगेत दातओठ खात बसलो होतो. त्यांच्या शब्दावर फायली फिरवणारा पीए चौकशीत एकटाच अडकला, घरी बसला. त्याला साधं बोलावणंही नव्हतं.

म्हणून आज गोष्ट स्पेनच्या राजाच्या लाडक्या मंत्र्याची, लेर्माच्या ड्यूकची.

तिसरा फिलिप 1598 मध्ये स्पेनच्या गादीवर आला. पोर्तुगालही त्याच्याकडेच, म्हणजे आपल्या गोव्याचाही तोच धनी. याला शिकार आणि देवधर्मातून सवड नाही, कारभार सगळा लेर्माकडे. 1601 मध्ये या महाशयांनी राजधानीच माद्रिदहून वायादोलिदला हलवली. तिथला स्वतःचा वाडा राजालाच विकला. माद्रिदमध्ये जागांचे भाव पडले, त्या घेऊन ठेवल्या आणि 1606 मध्ये राजधानी परत माद्रिदला! तुघलकाने निदान यात स्वतःची घरं तरी भरली नव्हती.

1612 मध्ये तर राजाने लेखीच कळवलं, लेर्मा सांगेल तो माझाच हुकूम. आमच्या पीएच्या ड्रॉवरमध्येही साहेबांच्या सहीचा शिक्का असायचा, साहेबांनीच दिलेला. चौकशीत साहेब म्हणाले, 'मला काय माहीत?' हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

मान्य, 1609 मध्ये डचांशी बारा वर्षांचा तह लेर्माच्याच काळात झाला. पण त्याच वर्षी लाखो मोरिस्कोंना, म्हणजे मुसलमानांच्या ख्रिस्ती झालेल्या वंशजांना, देशाबाहेर हाकलायला सुरुवातही झाली, ते कुठे मोजायचं?

1618 मध्ये पोटच्या पोरानेच, उसेदाच्या ड्यूकने, बापाला खाली खेचलं. पण गडी हुशार. आधीच रोमहून कार्डिनलपद मिळवून बसलेला, म्हणजे पोपच्या खालोखालचा लाल झग्यातला धर्माधिकारी; त्याला राजाचं कोर्ट सहज हात लावू शकत नव्हतं. माद्रिदकरांनी कवन रचलं: फाशी चुकवायला स्पेनचा सगळ्यात मोठा चोर लाल कपडे घालून बसला.

लटकला कोण? त्याचा उजवा हात, रोद्रिगो काल्देरोन. 1619 मध्ये अटक, मग तुरुंगात छळ, आणि 21 ऑक्टोबर 1621 ला माद्रिदच्या प्लाझा मायोरमध्ये भर चौकात गळा कापून देहदंड. काल्देरोन काही संत नव्हता, बक्कळ खाल्लं होतं, एका खुनाचा दोषही सिद्ध झाला होता. आमचा पीएही धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. पण काल्देरोन वधस्तंभाकडे इतका ताठ चालत गेला म्हणतात, की त्याला शिव्या घालणारे लोकच हळहळले. का कोण जाणे, हे लिहिताना माझाही राग जरा उतरला.

लेर्मा 1625 मध्ये वायादोलिदला वारला, कार्डिनल म्हणूनच. नव्या राजाने त्याच्याकडून पैसा वसूल करायचा हुकूम काढला होता, एवढंच. आणि ज्याने लेखी मुखत्यारी दिली तो तिसरा फिलिप? त्याला इतिहासात 'धर्मपरायण' म्हणतात!