दोन हजार डॉलरचा लॉन ट्रॅक्टर पंधरा वर्षं टिकतो का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (तुम्हीच ‘सत्तरी ओलांडलेला मेकॅनिकल इंजिनिअर’ अशी सही केली आहे, त्यामुळे काका म्हटलेलं चालवून घ्या.)

ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मोठ्या दुकानात मिळणारा साधा, दोन-अडीच हजार डॉलरचा राइडिंग मोअर (बसून चालवायचा गवतकापणीचा छोटा लॉन ट्रॅक्टर) नीट ठेवला तर घरगुती वापरात पंधरा वर्षं काढतो. काकांच्या मते ही वाचकांची शुद्ध दिशाभूल आहे. ट्रान्समिशन सीलबंद, डेक (ज्याच्या खाली पाती फिरतात ते पत्र्याचं कवच) पातळ पत्र्याचा, सगळा ‘वापरा आणि फेका’ मामला. सत्तरच्या दशकातले ट्रॅक्टर आजही धावतायत आणि आजचे सहा वर्षांत भंगारात जातायत. घ्यायचाच तर एकदाच काय तो कमर्शियल झीरो-टर्न (जागच्या जागी वळणारा, व्यावसायिकांचा मोअर) घ्यावा, नाहीतर सरळ लॉनवाल्याला बोलवावं. आणि दर वेळी गवत कापल्यावर डेक पाण्याने धुवावा ही प्राथमिक गोष्टही मी सांगितली नाही, हा शेवटचा टोला.

सीलबंद ट्रान्समिशनबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे, त्याकडे येतोच. पण आधी ‘सहा वर्षं’ आणि ‘पंधरा वर्षं’ या मोजमापाचं बघू, कारण तुम्ही आणि मी दोघंही वर्षं मोजतोय आणि ट्रॅक्टर मोजतो तास. ४२ इंची डेक आणि ताशी ४ मैल वेग धरला तर कागदावर तासाला पावणेदोन एकराच्या जवळपास गवत कापलं जातं. वळणं, झाडांचे आळे, एकावर एक चढणारे पट्टे धरले तर सव्वा एकर. म्हणजे एक एकर लॉनला पाऊण तास किंवा थोडा जास्त. आमच्या पेनसिल्व्हेनियात एप्रिल ते ऑक्टोबर हंगाम, त्यात जुलै-ऑगस्टच्या उन्हाने फेस्क्यू गवत मरगळतं तेव्हा दोन-दोन आठवडे कापावं लागत नाही. वर्षाला २० ते २५ तास भरतात. पंधरा वर्षांचे झाले ३०० ते ३७५.

आता तुमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनवरचं उत्सर्जनाचं लेबल वाचून बघा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या २२५ सीसी आणि त्यावरच्या छोट्या इंजिनांना ए, बी किंवा सी अशी वर्गवारी असते: ए म्हणजे १००० तास, बी ५००, सी २५०. हे इंजिनाचं आयुष्य नव्हे. एवढे तास चालल्यावरही धूर नियमात राहील, असं उत्पादकाने लिहून दिलेलं असतं. पण दुकानात दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे असताना रंग आणि कपहोल्डर बघण्यापेक्षा हे एक अक्षर बघितलेलं बरं. ५०० तासांच्या लेबलाचं इंजिन वर्षाला २५ तास चालत असेल तर पंधरा वर्षांची भाषा फुशारकीची कशी होते, ते तुम्हीच सांगा. ज्यांचा ट्रॅक्टर सहा वर्षांत गेला, त्यांचा बहुधा दीडशे तासांत गेला, आणि दीडशे तासांत इंजिन झिजत नाही. ते मारलं जातं.

कशाने? माझं उत्तर एकच: उष्णतेने.

या इंजिनांत रेडिएटर नसतो. वरचा पंखा जाळीतून हवा ओढतो आणि सिलिंडरवरच्या पापुद्र्यांसारख्या फिन्समधून ती सोडतो, बस्स. वाळलेल्या गवताचा बारीक भुसा त्या जाळीतून आत जातो, फिन्सच्या फटीत ठासून बसतो, वरून थोडं तेल लागलं की त्याचा लगदा होतो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. वर काळं प्लॅस्टिकचं झाकण चकचकीत आणि खाली निम्मा सिलिंडर गोधडी पांघरून बसलेला. त्यात हिवाळ्यात उंदरांना याच झाकणाखाली घर करायला आवडतं. वसंतात पहिल्यांदा किल्ली फिरवली की इंजिन चालू होतं, मालक खूष, आणि दोन सिलिंडरपैकी एक मात्र हवेविना तापत राहतो. मग हेड गॅस्केट (सिलिंडरच्या डोक्यावरचं सील) जातं, ऑइल जळायला लागतं, आणि घरी चर्चा होते ती कंपनीने कसा कचरा विकला याची. उपाय पाच-सहा बोल्टचा आहे. हंगामापूर्वी एकदा पंख्यावरचं झाकण काढायचं, भुसा ब्रशने आणि हवेने साफ करायचा, उंदरांनी वायर कुरतडली आहे का बघायचं, झाकण परत लावायचं. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, पण ऑइल बदलण्याच्या तक्त्याखाली कुठेतरी, आणि तिथवर कुणी वाचत नाही. डीलरकडे नेलेल्या वार्षिक सर्व्हिसमध्येही हे होतंच असं नाही. बिलावर लिहून घ्या.

ऑइल, फिल्टर, प्लग याबद्दल मागे लिहिलंय, पुन्हा उगाळत नाही. ५० तास किंवा एक हंगाम, जे आधी होईल ते. ज्या इंजिनांना मॅन्युअल १०० तास देतं, त्यांनाही वर्षाकाठी एकदा बदलाच, कारण दीड लिटर ऑइलपायी कंजूषपणा करण्यात अर्थ नाही.

आता ट्रान्समिशन. तुम्ही ‘टफ टॉर्क के४६’ हे नाव घेतलंत, तेव्हाच लक्षात आलं की माणूस जाणकार आहे. इतर वाचकांसाठी: कमी किमतीच्या अनेक ट्रॅक्टरांत, वेगवेगळ्या रंगांच्या झाकणाखाली, हेच हायड्रोस्टॅटिक युनिट असायचं आणि असतं. आत एक पंप तेल दाबतो, त्या दाबाने मोटर फिरते, मोटरने चाकं. गिअर बदलायची कटकट नाही, पण सगळा भार तेलावर, आणि तेल तापून पातळ झालं की दाब टिकत नाही. लक्षण ठरलेलं असतं: थंड असताना ट्रॅक्टर कुठेही चढतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने त्याच चढावर गोगलगाय होतो. ऑइल काढायला खाली नट नाही, हेही खरं. म्हणून ‘सीलबंद, काही करता येत नाही’ असा तुमचा निष्कर्ष. इथे मात्र माझं मत वेगळं आहे.

करता येतं. मागची चाकं काढायची, युनिट खाली उतरवायचं, उलटं करून भरायच्या तोंडातून तेल ओतून काढायचं, नवं भरायचं (पुष्कळ लोक ५डब्ल्यू-५० सिंथेटिक वापरतात), आणि परत बसवल्यावर बायपासचा दांडा (चाकं मोकळी सोडणारा) ओढून पुढे-मागे करत आतली हवा काढायची. माझ्या ट्रॅक्टरचं हे मी केलं आहे. अख्खा शनिवार जातो, गुडघे बोलतात, आणि ट्रॅक्टर उचलताना जॅक स्टँड नसतील तर या कामाच्या वाटेला जाऊच नये. पण नवं युनिट ट्रॅक्टरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त महाग असताना हा शनिवार मला स्वस्त वाटतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या युनिटच्या डोक्यावर छोटा प्लॅस्टिकचा पंखा असतो. सीटखाली, मागच्या फेंडरच्या आत, सहसा नजरेला न पडणारा. त्यावर आणि त्याखालच्या फिन्सवर गवत साठतं. पाती तुटलेली असली तर बदला, लीफ ब्लोअरने दर वेळी ती जागा मोकळी करा. आणि ओल्या मल्चने (झाडांभोवती पसरायच्या सालींच्या चुऱ्याने) भरलेली ढकलगाडी मागे अडकवून चढावर ओढायची हौस करू नका. मी राहतो ती चेस्टर काउंटी म्हणजे सगळा चढ-उतार. आमच्याकडे गेलेल्या ट्रान्समिशनच्या कहाण्यांत निम्म्या वेळा ट्रॅक्टरच्या मागे अशी एक गाडी असते. ज्यांचं लॉन खरोखर उताराचं आहे त्यांनी हलक्या युनिटचा ट्रॅक्टर घेऊच नये, थोडे जास्त पैसे टाकून वरच्या श्रेणीचा घ्यावा, हे मी मागच्या लेखातही म्हटलं होतं, पण बहुधा ते तुमच्या नजरेतून निसटलं.

सत्तरच्या दशकाबद्दल. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली पहिला कब कॅडेट काढला, जॉन डिअरचा ११० आला १९६३ मध्ये. ओतीव लोखंडाचं एक सिलिंडरचं कोहलर इंजिन, भक्कम गिअरबॉक्स. ते यंत्र बघितलं की माझीही नजर हटत नाही. पण तो गार्डन ट्रॅक्टर होता. नांगर, बर्फ ढकलायचं पातं, सगळं त्याच्या मागेपुढे लागायचं. त्याची तुलना आजच्या गार्डन ट्रॅक्टरशी व्हायला हवी, आणि तो आजही मिळतो, दहा हजार डॉलरच्या वर. दुसरं असं की तुम्हाला जत्रेत दिसतात ते टिकलेले. जे १९७८ सालीच भंगारात गेले ते कोण मिरवणार?

कमर्शियल झीरो-टर्न घ्या म्हणता. घेतला. दोन हजार तास चालणारं यंत्र, आणि माझं लॉन त्याला वर्षाला देणार २५ तास. ऐंशी वर्षं. पणतू चालवेल. पण तोवर त्याचे टायर, इंधनाच्या रबरी नळ्या, सील, बॅटरी, सीटचं रेग्झिन हे सगळं तासांवर नाही, वर्षांवर म्हातारं होतं, आणि ते बदलायला कमर्शियल दराने पैसे जातात. दिवसाला सहा-सात तास कापणाऱ्या लॉनवाल्याला ते यंत्र परवडतं, कारण तो ते झिजवून वसूल करतो. शिवाय उतारावर त्याची पुढची चाकं नुसती लोळतात, दिशा मिळते ती मागच्या चाकांवरून. ओल्या गवतावर मागची चाकं घसरली की दिशा आणि ब्रेक दोन्ही एकदम गेले. बहुतेक मॅन्युअलांत १५ अंशांच्या वरच्या उतारावर जाऊ नका असं असतं, आणि ओल्या उतारावर मी त्या आधीच थांबतो. लॉनवाल्याचा पर्याय मात्र उत्तम. पाठदुखी असेल तर बिनदिक्कत बोलवा.

डेक धुण्याबद्दल मी लिहिलं नाही, ते मुद्दाम. डेकवर होज लावायचं तोंड असतं म्हणून ते वापरलंच पाहिजे असं नाही. पाती फिरत असताना आत पाणी सोडलं की ते स्पिंडलच्या (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या) बेअरिंगवर जोरात आपटतं. बेअरिंग सीलबंद म्हटलं तरी रबराच्या ओठातून थोडं पाणी जातं, ग्रीस धुतलं जातं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात पाती फिरताना घरघर ऐकू येते. उलट डेकच्या कोपऱ्यात चिकटलेला ओला चोथा पाण्याने निघतच नाही, तो तिथेच भिजत बसतो आणि पत्रा खातो. मी पुट्टीची पट्टी वापरतो: पाती धार लावायला काढली की डेक खरवडायचा, कोरडा करायचा. स्पार्क प्लगची वायर काढल्याशिवाय हात आत घालायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको, पण वाचणारे इतरही आहेत. आणि धार लावल्यावर पातं भिंतीवरच्या खिळ्यावर टांगून बघा. एक बाजू खाली गेली तर तिथलं अजून घासा. असमतोल पात्याची थरथर पाण्यापेक्षाही लवकर बेअरिंग खाते.

पेट्रोलवर तुम्ही काही बोलला नाहीत, पण खाली दोघांनी विचारलंय म्हणून: पंपावर ‘अनलेडेड ८८’ नावाने थोडं स्वस्त मिळतं ते १५ टक्के इथेनॉलचं असतं. ते २००१ आणि नंतरच्या मोटारींसाठी आहे, मोअरमध्ये घालायला मनाई आहे. १० टक्क्यांवर थांबा, हिवाळ्यापूर्वी स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटं चालवा म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल.

शेवटी तुमचा प्रश्न, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या जावईबापूंसाठी जुना ट्रॅक्टर घ्यावा का. घ्यावा. तिकडे हंगाम लांब, तास जास्त होतात, म्हणून तासांचा मीटर आधी बघा. सीटखाली वाकून ट्रान्समिशनचा पंखा बघा. पाती हाताने वर-खाली हलवा, खुळखुळली तर बेअरिंग गेलं. स्टीअरिंग किती मोकळं फिरतं ते बघा. आणि किमान अर्धा तास चालवून मगच चढावर न्या, आधी नाही. सगळ्यात पहिलं म्हणजे पोचल्यावर इंजिनाला हात लावा, ते थंड असायला हवं. एक सिलिंडरचं इंजिन थंड असताना स्टार्टर अर्धा फेरा घेऊन अडखळत असेल तर व्हॉल्व्हचं अंतर बिघडलंय किंवा कॅमशाफ्टवरचा कॉम्प्रेशन सोडणारा भाग गेलाय. पहिलं तासाभराचं काम, दुसऱ्याला इंजिन उघडावं लागतं. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच इंजिन तापवून ठेवलं असेल, तर जावईबापूंना म्हणावं, कुठेतरी कॉफी घेऊन या आणि तासाभराने परत जा.