उन्हाळा कुणाचा, हे आधी बघा

‘शिखरांसाठी उन्हाळाच उत्तम’ हे गिर्यारोहणावरच्या लेखातलं सरसकट विधान पटलं नाही. अर्जेंटिनातलं अकोंकाग्वा शिखर (६९६१ मीटर) दक्षिण गोलार्धात, त्यामुळे तिथला मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. आफ्रिकेतला किलिमांजारो विषुववृत्ताजवळ, तिथे बघायचा तो पाऊस. मार्च ते मे टाळलेलेच बरे. एव्हरेस्टवर बहुतेक चढाया मे महिन्यात होतात, कारण मान्सूनआधी जेट स्ट्रीम (खूप उंचावरून वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा) उत्तरेला सरकते आणि माथ्यावरचा वारा थोडे दिवस पडतो.

पायथ्याचं तापमान बघून कपडे भरू नका. दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश उतरतात. खाली २० अंश असतील तर २००० मीटर वर जेमतेम ७, आणि वाऱ्याचा गारठा वेगळाच.

भर उन्हाळ्यातली खरी भीती दुपारच्या विजांची. पांढरे ढग सकाळीच उभे वाढायला लागले, बुडाशी काळपट दिसले, तर माथा अर्ध्या तासावर असला तरी मागे फिरा. कृपा करून फिराच! डोंगराच्या उघड्या धारेवर लपायला काहीही नसतं.

म्हणूनच उत्तर गोलार्धातल्या मध्यम उंचीच्या डोंगरांना मी सप्टेंबर सुचवेन. वाटेवरचा बर्फ बहुतेक गेलेला असतो, विजाही कमी. दिवस मात्र लहान होत जातो, हेडलॅम्प सोबत हवाच.