आजी 1 ते आजी 9

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. डोंबिवलीत राहणाऱ्यांना यापुढचं सगळं तोंडपाठ असेल, भाड्याची जागा शोधा, एजंटला एक महिन्याचं द्या, 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करा वगैरे, त्यामुळे ते सोडून देतो. सही करताना घरमालक काका म्हणाले, "बाकी काही अट नाही हो आपली. फक्त भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडरसाठी दारामागे हुक आहे."

आई बाबांकडे बघायला लागली, बाबा छताकडे. कारण आमच्याकडे फ्रेम केलेली 83 चित्रं आहेत. सगळी आजीची. आणि हुक एक.

आता ही 83 कशी झाली ते सांगतो. 2003 मध्ये मी आठवीत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलो होतो. त्यात स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो, म्हणजे बाजार, पाणवठा, एसटी स्टँड असलं काहीतरी आठवून काढायचं, आणि त्यात माणसं काढावीच लागतात. मला चेहरे जमायचे नाहीत म्हणून माझ्या बाजारातली यच्चयावत माणसं आपल्याकडे पाठ करून उभी होती. सी ग्रेड मिळाली. मी कॅमलच्या पोस्टर कलरचा बॉक्स माळ्यावर टाकला आणि क्रिकेटकडे वळलो.

आजीने दिवाळीच्या साफसफाईत तो बॉक्स बघितला. बाटल्या अर्ध्याअधिक भरलेल्या. "वाळून जातील मेल्या," म्हणाली, आणि वाया जाऊ नयेत म्हणून रंगवायला बसली. तेव्हा ती 71 वर्षांची होती. लोक कलेची आंतरिक ओढ वगैरे म्हणतात, आमच्याकडे तसलं काही नव्हतं, शिळ्या पोळीचा कुस्करा करतात त्याच भावनेने आजी चित्रकार झाली.

दुपारी दोनला ओटा पुसून झाला की खिडकीशी पाट मांडून बसायची, पॅलेट म्हणून श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. कागद विकत आणायचा नाही. साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा, शर्टाच्या आतला पुठ्ठा, लग्नपत्रिकेची मागची बाजू. कालनिर्णयवर तिचा फार राग होता, एवढा चांगला कागद आणि मागेपण छापतात! आणि विषय एकच, वाई. तिचं माहेर. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, धुणी धुणाऱ्या बायका. थोडक्यात माझा फसलेला पेपर ती रोज सोडवत होती, फक्त तिची माणसं तोंड आपल्याकडे करून असायची आणि प्रत्येकाला नाव असायचं. एका माणसाला एकच पाय काढला होता. म्हटलं आजी, दुसरा विसरलीस. "विसरले नाही. त्याला एकच होता."

खरी गंमत बॉक्स संपल्यावर झाली. बॉक्स वाया जाऊ नये म्हणून सुरुवात झाली होती, तो संपला, तर थांबायला हवं होतं ना? पण एव्हाना हात सुटला होता आणि रंगांवर पैसे घालवणं तत्त्वात बसत नव्हतं. मग निळा म्हणून कपड्यांची नीळ आली, लाल म्हणून कुंड्यांना लावायचा गेरू, पिवळा म्हणून हळद, पांढरा म्हणून तांदळाचं पीठ. आणि हे सगळं कागदाला धरून राहावं म्हणून डिंक. हा डिंक आईने माझ्या बहिणीच्या बाळंतपणात लाडवांसाठी आणून ठेवलेला होता, त्या वर्षी लाडू अळिवाचे झाले.

बाबा तिला चिडवायचे, की आई, टागोरांनीपण म्हातारपणीच ब्रश धरला, 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शन झालं त्यांचं, तुझं कधी? आजी म्हणायची, "त्यांना रंग कोणीतरी विकत आणून देत असेल." आणि 2011 मध्ये डहाणूकडच्या जिव्या सोमा मशेंना वारली चित्रांसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत तांदळाचं पीठ दाखवलं, त्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना टीव्हीसमोर बोलावून घेतलं. वारल्यांकडे लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, मुळात बायकाच लिहायच्या, हेही तिने कुठूनतरी वाचलं होतं. "बघा," म्हणाली, "पिठाला हसत होतात."

पण पिठाचं चित्र काढून मोकळं व्हायचं नसतं, ते सांभाळावं लागतं, आणि ते आमच्या नशिबी आलं. हळद उन्हाने उडते. तिची पिकलेली ज्वारीची शेतं आता पांढरीफटक आहेत, पाहुणे विचारतात, काश्मीर का? पावसाळ्यात भिंतीला ओल आली की आकाशाची नीळ ओघळते आणि ढोल्या गणपती गुडघाभर पाण्यात. कृष्णेकाठी तिने नऊ बगळे काढले होते, पिठाचे. झुरळांनी पुठ्ठ्याच्या मागून शिरून सात खाल्ले.

तरी तेव्हा घरात वीसेकच फ्रेम होत्या, कारण लग्न, मुंज, वास्तुशांत, आजी चित्रच द्यायची. नातेवाईक ती माळ्यावर ठेवायचे आणि आजी येणार म्हटलं की काढून लावायचे, हे आम्हाला माहीत होतं, आजीलापण माहीत असावं, कारण ती न सांगता जायची. 2016 ला आजी गेली. तेराव्याला एक मावसकाकू डोळे पुसत आल्या आणि पिशवीतून फ्रेम काढून म्हणाल्या, "तुमच्याकडेच शोभेल हो, आठवण म्हणून." मग रांगच लागली. वर्षभरात 83.

तर शिफ्टिंग. आईने नऊ खोके भरले आणि त्यांवर मार्करने लिहिलं, आजी 1, आजी 2, असं आजी 9 पर्यंत, आणि खाली "नाजूक". टेम्पोवाला दादा खोक्यांसमोर आला आणि थबकला. चपला काढल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, सगळ्या एकाच गाडीत न्यायच्या का?" मला आधी कळेचना. कळल्यावर हसू दाबत सगळं समजावलं, त्याने मान हलवली, पण खोके उचलले अनवाणीच.

नव्या घरात रात्री मोजणी केली तर आजी 7 नाही. आईचा चेहरा पडला. 7 मध्ये ते बगळ्यांचं चित्र. इतकी वर्षं त्या चित्राला ती "झुरळांचा डबा" म्हणायची, आणि आता पलंगावर बसून म्हणते, डिंकाचे लाडू झाले नाहीत त्याचंही मला काही वाटलं नव्हतं रे. वाटलं होतं. चांगलं महिनाभर वाटलं होतं, मी घरातच होतो.

सकाळी सातला दादाचा फोन. "साहेब, आजी सात माझ्या गाडीत राहिली. देवाजवळ ठेवलीय रात्रभर." मग जरा थांबून, "पण बायको म्हणते त्यातून झुरळं निघाली."

आईने फोन ओढून घेतला. "अहो दादा, बगळे किती आहेत बघा."

खोकं उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"एक आहे, ताई. आणि एकाचे पाय."